महालक्ष्म्यांच्या दिवसांतली गोळी

बाबांची बायपास झाली तेव्हा वलगावचं आमचं अख्खं घर महिनोन्‌महिने अळणी जेवलं. आईचं हृदय कमजोर झालंय, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मात्र स्वतःपुरती अळणी भाजी काढून ठेवायलाही तिला लाज वाटे. चालताना दम लागला की ती भिंतीला टेकायची. बाबा म्हणत, वयानं होतं. बाबांना झाला तो आजार आणि आईला झालं ते वय, हे मला कधी पटलं नाही.

अंगात पाणी साठू नये म्हणून तिला रोज सकाळी एक गोळी होती. ती घेतली की दुपारपर्यंत सारखं लघवीला जावं लागे. एरवी ती घ्यायची. पण महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आमच्याकडे सोवळ्यात होतो, आणि लघवीला उठलं की पुन्हा आंघोळ आलीच. पुरण, आंबील, सोळा भाज्या सोडून ती उठणार कधी? लेकीला घेऊन मी अकोल्याहून माहेरी आले तेव्हा आईचे पाय सुजून तकतकीत झाले होते. गोळीचं विचारलं तर म्हणाली, "मले सारखं उठा लागते, बाई. देवीचं होऊन जाऊ दे, मंग घेतो."

मी भांडले. मी करते स्वयंपाक, म्हटलं. पण लेक दिल्या घरची, तिच्या हातचा नैवेद्य चालत नाही, असं आईनंच मला ऐकवलं. पंगती उठल्या. आंबील झकास झाली होती म्हणे. मी पानावर बसलेच नाही.

विसर्जनाच्या दिवशी तिला धाप लागून आडवं पडता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, गोळ्या रोज घेता का? तिच्या आधी बाबाच बोलले, "हो, रोज घेते." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना ठाऊकच नव्हतं. खरं काय ते मी सांगितलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण दुसऱ्या दिवशी आई गेली. मला बाबांचा राग आला, देवीचाही आला.

घरी आणून तिला सवाष्णीचा हिरवा चुडा भरला, मळवट भरला. गावातल्या बाया एकेक करून तिच्या पाया पडू लागल्या. शेजारची काकू डोळे पुसत म्हणाली, "भाग्याची व माय, अहेव गेली." मग तिनं माझ्या लेकीला पुढे केलं, आजीच्या पाया पड आणि असंच मरण माग म्हणून. पोर वाकायला लागली. मी तिचा दंड धरला आणि सगळ्यांदेखत तिला मागे ओढलं.