उचगावला न उतरणारे मामा

जावयावर इतका विश्वास ठेवणारा सासरा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्या विश्वासाला इतका अपात्र जावईही. पहिले विधान माझ्या सासऱ्यांविषयीचे असून त्याला हुपरीतली त्यांची सगळी गल्ली साक्ष देईल. दुसरे माझ्याविषयीचे आहे आणि ते मी चार वर्षे हुपरीत कुणालाही कळू दिले नाही. तेच आधी सांगून टाकतो. माझी पत्नी मंदा माझ्यापासून कायद्याने विभक्त झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी सगळा दोष तिच्या पदरात टाकला. दोष माझा होता. तिला ते ठाऊक होते, मला ते ठाऊक होते; आणि तरीही मी त्यांना तसे वाटू दिले, कारण त्यांच्या नजरेत चांगले असणे मला फार सुखाचे होते.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचे सारे आयुष्य चांदीचे पैंजण घडवण्यात गेले. राहत्या घराच्या सोप्यातच, म्हणजे पुढच्या खोलीत, त्यांचे काम चाले आणि आता वय ऐंशीच्या पुढे गेले तरी चालते. तयार झालेला प्रत्येक जोड ते कानाशी नेऊन हलवत, आणि इतक्या घुंगरांत एखादे मुके राहिले असेल तर तेवढेच नेमके चिमटीत धरून दाखवत. ही सवय पुढे हाताला इतकी जडली की दिसेल ती वस्तू ते हलवून पाहू लागले. नारळ काय, सगळेच हलवतात. मामा कांदा हलवत, काडेपेटी हलवत, औषधाची भरलेली बाटली हलवत. एका बारशाला तर त्यांनी पाळण्यातले बाळ उचलून कानाशी नेले, तेव्हा बाळाची आई किंचाळत धावली. "काय न्हाय वो, दमदार हाय," असा निर्वाळा देऊन त्यांनी ते पुन्हा पाळण्यात ठेवले. मला पसंत करायला आले तेव्हा त्यांनी मला हलवले नाही, एवढेच. तासाभरात मी तीन वाक्ये बोललो, त्यांतले एक "साखर पुरेशी आहे ना?" हे होते. जिना उतरताना मामा त्यांच्या परीने कुजबुजले ते खालच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू गेले. "पोरगं तोंडच उघडत न्हाय की! गाय हाय गाय. पोरगी सुखात ऱ्हाईल."

जन्मभराच्या ठोकाठोकीने त्यांचे कान गेले आहेत, पण हे विधान त्यांच्यासमोर करण्याची सोय नाही. "कान शाबूत हाईत माझं. मोबाइल आल्यापास्नं लोकंच हळू बोलाय लागल्यात." मंदाने हौसेने श्रवणयंत्र आणून दिले. मामांनी ते कानात घालण्याआधी हलवून पाहिले, वाजले नाही, म्हणून डब्यात ठेवून दिले. प्रश्न राहिला मुकी घुंगरे शोधायची कुणी. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली अठ्ठावीस वर्षे काढलेला माणूस. "तुमचं कान लायब्रीत ऱ्हायल्यात पावणं, वापरल्यालंच न्हाईत," असे म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे सोपवले. दर महिन्याला कापडी पिशवीत जोड घालून ते हुपरीहून एसटीने यायचे, राजारामपुरीतल्या माझ्या घराचे तीन जिने चढायचे आणि धापा टाकत माझ्यासमोर पैंजण मांडायचे. मी एकेक जोड कानाशी नेई. ते माझ्या चेहऱ्याकडे निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखे बघत. एखादे मुके घुंगरू मी दाखवले की ते मांडीवर थाप मारत. "हाय का न्हाय! ह्याला म्हंत्यात जावई!"

मंदा निघून गेल्यावरही हे थांबले नाही. उलट वाढले, आणि त्याला कारण कायदा. मंदाने घटस्फोट मागितला नव्हता. तिने न्यायालयीन विभक्तता मागितली: लग्न कायम, मात्र पतिपत्नींनी एकत्र राहण्याचे बंधन नाही. "घटस्फोट हा शब्द आप्पांना पेलणार नाही," असे ती वडिलांविषयी वकिलांच्या टेबलाशी म्हणाली. मामांनी निकालाचे फक्त शेवटचे पान वाचले. "कोर्टाचा कागद शेवटनं वाचायचा असतोय. वरचं समदं वकिलाच्या पोटासाठी." त्या पानावर विवाह कायम असल्याचे वाक्य दिसताच त्यांनी ते लॅमिनेट करून घेतले. लॅमिनेट केल्यामुळे त्याची घडी होईना, तेव्हा ते पैंजणांच्या पिशवीत उभे राहू लागले आणि एसटीत शेजारी बसेल त्या प्रवाशाला वाचावे लागू लागले. "लायसन चालू हाय," मामा त्याला समजावून सांगत, "गाडी तेवढी घरात लावल्या." एकदा राजारामपुरीतल्या औषधाच्या दुकानात त्यांनी माझी ओळख करून दिली. "हे आमचं जावई. सध्या कोर्टाच्या हुकमानं रजेवर हाईत." दुकानदाराने अगदी गंभीरपणे विचारले, "भरपगारी का?" मामांनी क्षणभर विचार केला. "न्हाय, बिनपगारी."

निकालाची आधीची पाने त्यांनी वाचली असती, तर त्यांना एक वेगळाच जावई भेटला असता. मी मंदावर कधी आवाज चढवला नाही. मी अबोला धरत असे. आम्हांला मूलबाळ नाही, घरात तिसरे माणूस नाही, त्यामुळे मी गप्प बसलो की घरच गप्प बसे. एका लग्नात तिने चारचौघांत माझ्या चुकीच्या बसमध्ये चढण्याची गोष्ट हसत सांगितली. मी पाच महिने तिच्याशी बोललो नाही. जे कळवणे भाग असे ते मी चिठ्ठीवर लिहून मिठाच्या बरणीखाली ठेवी. 'गॅस संपत आला आहे.' 'उद्या पाणी येणार नाही.' माझे अक्षर सुंदर आहे, असे सगळे म्हणतात. त्या चिठ्ठ्या मंदाने न्यायालयात दाखल केल्या. न्यायाधीशबाईंनी त्या एकामागून एक वाचल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "हे तोंडानं सांगता येत नव्हतं?" मी तेव्हाही काही बोललो नाही.

त्यांतली एक चिठ्ठी वाचताना न्यायाधीशबाई थांबल्या होत्या. मामी, म्हणजे मंदाची आई, इस्पितळात होत्या. डॉक्टरांनी आशा सोडल्याचे ऐकून मंदा घरी आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी काय करू?" तो अबोल्याचा तिसरा महिना होता. मी टेबलावरचा कागद ओढला, 'मी रजा टाकली आहे' असे लिहिले आणि तो तिच्या हातात दिला. मामी त्याच संध्याकाळी गेल्या. पुढचे सगळे मी केले, धावपळ, निरोप, दिवस, काही कमी पडू दिले नाही. आणि मामा आल्यागेल्याला सांगत राहिले, "एक शब्द न बोलता समदं केलं माझ्या जावयानं."

निकालानंतर मी मंदाला एकदाच विचारले होते, मामांना खरे का सांगितले नाहीस? ती पिशवीत आपली पुस्तके भरत होती. "तुमच्याविषयी त्यांचं मत चांगलं आहे, ते राहू दे," ती म्हणाली. "म्हातारपणी माणसाला एक तरी चांगला जावई असावा."

मंदा उचगावला गेली. तिथल्या शाळेत ती शिकवते. शाळेजवळच दोन खोल्या घेतल्या. मामांनी जाहीर केले की पोरगी नांदायला परत जाईपर्यंत तिच्या घरचे पाणी पिणार नाही. हुपरीची एसटी उचगावला थांबते. मंदाला वडिलांचा यायचा दिवस ठाऊक होता; मधल्या सुट्टीत ती थांब्यावर येऊन उभी राहायची. मला हे मामांनीच सांगितले, आणि अभिमानाने सांगितले. "उचगाव आलं की मी डोळं मिटून घेतो. कंडक्टर हाका मारतोय, आवो बाबा, लेक आल्या बगा. मी आपला झोपल्यालो." असे म्हणून ते माझ्या हातचा चहा बशीत ओतून फुरके मारत पीत. मी समोर बसून पैंजण हलवत असे. एक वाक्य पुरेसे होते. मी ते चार वर्षे बोललो नाही, आणि हा माझा सर्वांत लांब अबोला.

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि जावयाला वाण द्यायचे, अशी रीत आहे. निकालानंतरच्या पहिल्या धोंड्याला मला वाटले की यंदा आपल्याला सुटका आहे. मामा फोनवर ओरडले, "हुकमात जावई रद्द असं कुटं लिवलंय?" मी गेलो, मंदाही आली. मामांनी दोन पाट मांडले होते आणि मधोमध रांगोळीची एक ठळक रेघ ओढली होती. "ह्यो कोर्टाचा हुकूम," त्यांनी बोटाने दाखवले. "पल्याड तू, अल्याड पावणं. एकत्र ऱ्हायचं न्हाय म्हटलंय. जेवायचं न्हाय असं म्हटल्यालं न्हाय." मग स्वतः तूप वाढताना त्यांनी रेघ दहा वेळा ओलांडली आणि दर वेळी बजावले की तुपाला कायदा लागू होत नाही. मंदाला हसू आवरेना. मलाही येत होते. मी ते ताटात पाहून गिळले.

यंदाच्या धोंड्यालाही तीच रेघ होती, जरा वाकडी. मामांचा हात आता थरथरतो. जेवणे झाली, मला वाणाचे ताट मिळाले. मग मामा भिंतीला धरून उभे राहिले. "मंदे, माझं आता काय खरं न्हाय. आज पावण्यांच्या पाया पड आन चुकलं म्हण. झालं ग्येलं संपवून टाक."

मंदाने पदर कमरेला खोचला आणि ती उठली. ती खरोखरच पाया पडणार होती, त्या म्हाताऱ्याच्या समाधानासाठी, हे मला तिच्या उठण्यावरून कळले.

"मामा," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"काय?"

"चूक माझी होती, मामा. तिची नाही."

"आवो मोट्यानं बोला की! लायब्रीत हाय का आपण?"

अठ्ठावीस वर्षे ज्या आवाजाने मी मुलांना गप्प केले, तो आवाज त्या सोप्यापुरताही पोहोचत नव्हता. मी उभा राहिलो. "चूक माझी होती! मी तिच्याशी बोलत नव्हतो!"

"कुणाशी?"

"मंदाशी!"

"किती दिस?"

"पाच-पाच महिने!"

"आन कशापायी?"

"रागानं!" माझा घसा फाटला. "मामी गेल्या त्या दिवशीसुद्धा बोललो नाही!"

शेजारच्या सोप्यातली ठकठक थांबली. खिडकीशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामा हळूहळू पाटावर बसले. त्यांनी सवयीने कोपऱ्यातली पैंजणांची पिशवी जवळ ओढली, पण उघडली नाही. मग मी त्यांना जन्मात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकले. "जलम गेला मुकं घुंगरू हुडकण्यात," ते म्हणाले, "आन घरातलं घावलं न्हाय मला."

मग त्यांनी मान वर केली. "मला सांगून काय उपेग? तिला सांगा. आन मोट्यानंच सांगा. चार वर्सं गल्लीम्होरं तिला बोललोय मी. आता गल्लीला बी आयकू द्या."

त्यानंतर मामा उचगावला उतरू लागले. पहिल्या दिवशी कंडक्टर हाक मारायच्या आधीच दारात उभे होते म्हणे. तिथले पाणी पितात, जेवतात, आणि आता पैंजणांचे जोड मंदाच कानाशी नेते. माझ्याकडे दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात, चहा बशीतूनच पितात, पण मला गाय म्हणत नाहीत. लॅमिनेट केलेले पान त्यांनी पिशवीतून काढून ठेवले आहे. ते नसले की पिशवी रिकामी वाटते, आणि मामा नसले की माझे घरही. मंदा उचगावलाच राहते; तिने परत यावे असे मी तिला म्हटलेले नाही, म्हणण्याचा मला अधिकार नाही. कधी तिचा फोन येतो. मी बोलतो. शब्द अजून शोधावे लागतात.

त्या दुपारी मात्र शोधावे लागले नाहीत. मंदा रेघेपलीकडे उभी होती, मी अलीकडे. खिडकीशी बायका होत्या, दारात शेजारचे कारागीर हातातले काम घेऊन आले होते, आणि मामा कानामागे हात धरून पुढे झुकले होते. मी तिच्याकडे पाहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मंदा, तुझं काही चुकलं नाही. तू विचारलंस, आता मी काय करू, आणि मी तुझ्या हातात चिठ्ठी दिली. चुकलं माझं. मला माफ कर."