सव्वाचारातून पावणेदोन

मुलांनो, आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. त्यांना ऐकू येतं, पण त्यातलं समजतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. तुमच्या पप्पानं ठरवूनच टाकलं होतं की काही समजत नाही. आमचं हे पडेगावचं घर बंद करावं, त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं, असं तो प्रत्येक फोनला म्हणायचा.

एकदा सकाळी आमची न्याहारी चालू असताना तुमच्यातल्या धाकटीनं व्हिडिओ कॉल केला. गणित अडलं होतं. एका संख्येत पावणेदोन मिळवले की सव्वाचार होतात, तर ती संख्या कोणती? मी समीकरण कागदावर मांडलं आणि धाकटी ते सोडवू लागली.

"चारातून एक गेला, तीन. पाऊणमधून पाव गेला, अर्धा. साडेतीन!"

आजोबांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. दूध सांडलं.

"आजी, तू गप्पा मारत बसतेस, त्यांना भूक लागलीय!" धाकटी म्हणाली.

"आई, त्यांना आत ने ना," फोनवर तिच्या मागून पप्पाचा आवाज आला. "त्यांना काय कळतंय आता?"

मी उठणार, तेवढ्यात आजोबांनी ताटलीतली चतकोर भाकरी उचलली आणि कागदावर पावणेदोनाशेजारी ठेवली. मग माझ्याकडे बघत दुसरी चतकोर सव्वाचाराशेजारी ठेवली.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मिश्र अपूर्णांक दिसला की आधी त्याचे चतुर्थांश करायचे, ही माझी रीत. त्यांची रीत मला उमगायला जरा वेळ लागला. पावणेदोनात पाव घातला की दोन पूर्ण होतात. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच घातला की साडेचार. आता साडेचारातून दोन काढणं अगदी सोपं.

आजोबांनी दोन बोटं ताठ धरली आणि तिसरं अर्धं दुमडलं.

"अडीच!" धाकटी ओरडली. "अय्या, मी उलटंच वजा केलं!"

पप्पा पडद्याजवळ आला. कित्येक महिन्यांत तो त्यांच्याशी थेट बोलला नव्हता.

"बाबा, तुम्ही ऐकत होता?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"नेहमीच?"

पुन्हा तशीच मान हलली. शुश्रूषागृहाचं सगळं बोलणं याच टेबलावर, फोनचा स्पीकर चालू ठेवून झालं होतं.

"मग तुम्हीच सांगा बाबा, कुठं राहायचं?"

आजोबांनी बोट खाली फरशीकडे दाखवलं.