उजव्या चाकाची पिन

बोटीच्या ट्रेलरची चाकं ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांसारखीच दिसतात, पण त्यांना पाण्यात उतरावं लागतं. रस्त्याने धावून चाकाच्या मधला हब तापतो आणि तसाच धरणात घातला की आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढून घेते. मग ग्रीस दुधाच्या चहासारखं होतं आणि बेअरिंग गंजतं. इंदूरच्या सांवेर रोडवर हे कळणारं आमचं एकच वर्कशॉप असावं, आणि त्यातही हे काम माझ्याकडेच येतं. खाडीकाठचा म्हणून. मी नववीत शाळा सोडली आणि समुद्रापासून इतक्या लांब येऊन शेवटी बोटींच्याच चाकांत हात घालून बसलो.

वर्कशॉप काकांचं, म्हणजे आमच्या मालकांचं. इंदूरचं जुनं मराठी घर, वडील त्यांचे मिलमध्ये होते. मी आलो तेव्हा त्यांनी मला माळ्यावर झोपायला जागा दिली. कावीळ झाली तेव्हा काकूंनी महिनाभर पथ्याचं रांधून घातलं. आठ वर्षांत त्या घरात मला कोणी एकदाही ओरडलं नाही. गावी परत जायचंय हे मला म्हणूनच सांगता आलं नाही. कधी आवाज चढवला असता तर रागाच्या भरात तरी तोंडातून निघालं असतं.

त्या बुधवारी खंडव्याकडच्या धरणावर बोटी चालवणारा एक ठेकेदार बोटीसकट ट्रेलर न्यायला आला होता. दोन्ही हब मी उघडले होते. अॅक्सल घासून साफ केला, नवीन बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस भरलं, नवीन सील बसवलं, खाचांचा नट आवळून थोडा सैल सोडला. निघताना मी ठेकेदाराला म्हटलं, "धरणावर पोचल्यावर लगेच पाण्यात घालू नका. चाकांना हात लावून बघा, गार झाली की मगच."

"तोवर काय करू, भजन?"

"चहा प्या."

"सुनो भिया," तो काकांना म्हणाला, "तुमचा मेकॅनिक चाकांनापण आराम देतो. आम्हाला कोण देणार?" आणि जाता जाता सांगून गेला की आधी खजरान्याच्या गणपतीला पूजा, मग राऊवरून पुढे.

तो गेला आणि मी सुटे भाग ठेवायचं पत्र्याचं झाकण उचललं. दोन चाकांसाठी दोन नव्या पिना मी त्यात काढून ठेवल्या होत्या. एक तिथेच होती.

ही दोन पायांची पिन नटाच्या खाचेतून अॅक्सलमध्ये जाते, वर टोपण ठोकलं की बाहेरून दिसत नाही. ती नसली तर नट हळूहळू फिरत सुटतो आणि एखाद्या उतारावर चाक गाडीच्या पुढे निघून जातं. समोर कोण असेल, मोटरसायकलवर कोणी बाई-पोरं? डावं मला आठवत होतं. उजव्याचं काही केल्या आठवेना. ठेकेदाराचा नंबर काकांच्या फोनमध्ये, आणि काका समोरच बसलेले. सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"काका, ऑइल सील संपलंय. घेऊन येतो."

"जा. स्कूटर घे."

खिशात पिन, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. प्रत्येक सिग्नलवर मला चाक घरंगळताना दिसत होतं. आणि खोटं का लिहू, एका सिग्नलवर वाटलं, पिन नसेल तर कबूल करीन, काका जा म्हणतील, आणि मी घरी जाईन. असं वाटल्याची इतकी लाज वाटली की मागच्याने हॉर्न मारल्यावरच भानावर आलो.

खजरान्याला ट्रेलर सापडला. बोटीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, टोपणांवर ओलं कुंकू. ठेकेदार प्रसाद खात होता.

"अरे, तू? पूजेला?"

"टोपण सैल वाटलं होतं. बघून घेतो."

उजवं टोपण उचकटलं. पिन होती.

पण ती मी लावलेली नव्हती. मी पिनेचे दोन्ही पाय नटाभोवती वळवतो. काका एक पाय अॅक्सलच्या टोकावर वाकवतात आणि दुसरा कापून आखूड करतात. इथे एक पाय आखूड होता. मी टोपण परत ठोकलं. ठेकेदाराने हातावर लाडू ठेवला, तो तसाच खिशात घालून मी स्कूटर वळवली.

परतलो तर काका ट्रॉलीचा कमानपाटा बघत होते.

"सील?"

"नाही मिळालं."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. काळ्या ग्रीसमध्ये लाल कुंकू.

"खजरान्याला गेला होता."

"हो."

"मग? होती ना पिन?"

"तुम्ही कधी लावली?"

"तू चहा सांगायला गेला तेव्हा. टोपण काढून बघितलं, माझ्या डब्यातली घातली."

"मला बोलला का नाहीत?"

"बोलून काय होणार होतं बेटा? तू पहिलेच इतका घाबरतो. दोन दिवस जेवला नसता, आणि तुझी काकू माझं डोकं खाल्ली असती."

"असं आधी किती वेळा?"

"लो, आता हा माझी उलटतपासणी घेणार!" ते हसले. "हात धू. आमटी गार होऊन राहिली."

मीही हसलो. जेवलोही. काकूंनी न विचारता भातावर तूप वाढलं.

त्यानंतर मी पिन विसरलेलो नाही. गावचं अजून बोललेलो नाही. टोपण ठोकून झालं की हात धुवायला नळावर जातो, आणि पाठ करून गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ तिथे उभा राहतो. मागे टोपण पुन्हा उघडल्याचा आवाज येतो का, ते ऐकत.