भिला जागल्याचं डफडं

"तापनं डफडं. ऊठा आते!"

"नही वाजाडाव."

"भुसावळनी तार उनी, पानी चढी ऱ्हायनं, पाटील बोंबली ऱ्हायना, आनि तुम्ही म्हनतस नही वाजाडाव? मंग जागल्या कसाना तुम्ही?"

भिलाची बायको भिकुबाई चुलीच्या धगीवर डफड्याचं कातडं शेकत होती. भिला दारात बसला होता, नदीकडं पाठ करून. सात वर्षं तो तसाच बसत आला होता.

तापीच्या मधोमध झाऊच्या रानाचं बेट आणि त्यावर भिल्लांच्या झोपड्या. दौऱ्यावरच्या साहेबाचा तंबू लागला की तिथली माणसं वेठीला धरून आणायची, हे गावच्या जागल्याचं काम. पण भिला मनाचा मऊ. होडीत पाय ठेवण्याआधी तो काठावरून डफडं बडवायचा. बेटावरच्या गोवालला त्यानंच सांगून ठेवलेलं, "मन्हं डफडं वाजनं का झाऊमा लपी जावा. मी रिकामा हातनी परत जासू." वीस वर्षं हे चाललं. साहेब शिव्या घालायचा, गोवाल मासे पाठवायचा.

मग सात वर्षांपूर्वीची ती श्रावणातली दुपार. पुराची अशीच तार आली आणि बेटाला सावध करायला भिला काठावर जीव तोडून डफडं बडवू लागला. पलीकडं गोवालची बायको धनुबाई दचकून उठली, लेकराला काखोटीला मारलं आणि झाऊकडं पळाली. मागोमाग सगळेच. भिला जितक्या जोरात बडवी, तितके ते आत आत शिरत. पाणी झाऊच्या शेंड्यांवरून गेलं, तरी त्याचे हात थांबेनात.

तेव्हापासून पावसाळी हवेत खुंटीवरचं डफडं नुसतं वाऱ्यानं हललं, तरी तो विचारायचा, "कोन वाजाडी ऱ्हायनं?"

भिकुबाईनं डफडं त्याच्या पुढ्यात ठेवलं. "बेटवर आते नवा लोकं शेतस. त्यासले काय माहीत तुम्हना जुना खेळ?"

"पूस महिनामा साहेब उना, डफडं वाजनं, तवय लपनात का नही त्या?"

तिनं डफडं आणखी पुढं सरकवलं.

"जागल्यानं डफडं वाजनं का गरीब मानूस लपस. मी शिकाडं नही, तरी लपस."

"मंग मरू द्यावा का त्यासले?"

भिला उठला. त्यानं डफडं ओलांडलं, कोपऱ्यातलं वल्हं खांद्यावर घेतलं.

"ओ! पाटीलना गडी बी होडी सोडाले तयार नहीत! आयकतस का?" भिकुबाई डफडं घेऊन दारापर्यंत धावली. "परत येशात ना?"

भिला उतारानं नदीकडं चालू लागला होता.