निळ्या चपला

त्या घरात पहिला झटका मला फ्रीजने दिला आणि दुसरा घरमालकांनी.

किहीमच्या त्या जुन्या कौलारू घरात आम्ही दोघीच भाड्याने राहायचो, मी आणि माझी आई. माझी नोकरी अलिबागेत, कचेरीत. आईच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, आणि आमच्या भागात तळमजल्याचं धड घर दिसलं की ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी राखलेलं असतं. चार महिने वणवण केल्यावर हे हाती लागलं. भिंतीवर लाकडी पट्ट्यांतून फिरवलेली वायर, काळी गोल बटणं. मी म्हटलं, चालेल.

फ्रीजचा झटका बसला तेव्हा वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर फ्रीजला लावला, पेटला. फ्रीज बंद करून स्वयंपाकघरातल्या नळाला लावला, तिथेही पेटला.

"ताई, या घराला अर्थिंगच नाय," तो म्हणाला. "आतली वायर पार कुजलीय, भिंतीत करंट उतरतो. सगळी वायरिंग नवीन करायला लागेल, मालकांना सांगा. तोवर रबरी चपलेशिवाय नळाला हात लावू नका."

मालक मुंबईला. फोनवर म्हणाले, "बघू पावसाळ्यानंतर. अहो, आमची आजी याच घरात नव्वद वर्षं जगली."

"तुमच्या आजीच्या वेळी फ्रीज होता का?" मी विचारलं. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलणंच सोडलं.

मी आईसाठी निळ्या रबरी चपला आणल्या. ती घरभर घालायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काढून ठेवायची. जिथे घालायच्या नेमक्या तिथेच! कारण देव तिथे होते, कोपऱ्यातल्या फळीवर. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घरचे टाक. जन्मभर तिने देवांसमोर आणि चुलीपुढे पायात काही घातलं नव्हतं. मी चपला घालून भात लावला की ती तोंड फिरवायची.

"देव वाचवणारेत का तुला?" एकदा मी ओरडले.

"मग आजवर कोणी वाचवलंन?" ती शांतपणे म्हणाली आणि अनवाणी जाऊन तांदूळ धुवायला लागली. मी तिच्या पाया पडले, रडले, अबोला धरला. ढिम्म नाही हलली.

शेवटी मी सकाळी निघताना मेन स्विचच बंद करायला लागले. पाणी कळशीत भरून ठेवायचं, खटका पाडायचा आणि स्कूटर काढायची. स्विच उंचावर, आईचा हात पोचत नाही. मे महिना. कौलं तापून आत नुसती भट्टी. संध्याकाळी मी परतायचे तेव्हा ती पडवीत पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली असायची, चेहरा लालबुंद, पाठीला घामोळं. एका शब्दाने बोलायची नाही. मला स्वतःची किळस यायची. शॉकने मरू नये म्हणून आईला उकाड्यात कोंडणारी लेक! पण दुसरं करू काय? कुठे जाऊ तिला घेऊन? रात्री तिच्या पाठीला पावडर लावायची आणि सकाळी पुन्हा तोच खटका पाडायचा.

मग एक दिवस मी विसरले. बारा वाजता कचेरीत फायलीवर शिक्का मारता मारता आठवलं, मेन चालूच राहिला. आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला नाही तेव्हा साहेबांना न सांगताच मी बाहेर पडले. स्कूटरवर सगळा रस्ताभर मोठमोठ्याने बोलत होते, आई, नळाला हात लावू नकोस, लावू नकोस गं.

घरात पंखा फिरत होता. पडवीत स्टुलावर लाल कापड अंथरून देव मांडले होते, ताजी जास्वंद वाहिलेली. स्वयंपाकघरातली फळी रिकामी. आणि आई नळाखाली तांदूळ धूत उभी, पायात निळ्या चपला. मला बघून चोरी पकडल्यासारखी दचकली.

"फोन का नाही उचललास?"

"देव हातात होते." तिने पातेलं खाली ठेवलं. "पंखा फिरताना दिसला, म्हटलं आज विसरलीस तू. मग हलवलेच देव. पडवीत वारा तरी येतो त्यांना." माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आता तरी चालू ठेवून जाशील ना गं बाय? फार होतं दुपारचं."

मी उंबऱ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. वायर तीच होती, भिंत तीच होती. तरी मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कचेरीतून तासातासाला फोन करते. हॅलो नाही, काही नाही. फोन उचलला की आई एवढंच म्हणते, "घातल्यात."