एक इयरफोन त्याच्या कानात

सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. रोलिंग मिलमधला, पन्नाशीचा माणूस. बोलताना टक लावून माझ्या तोंडाकडे बघायचा. नाव मी कधी विचारलं नाही. रायपुरात प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारा आणखी एक माणूस सापडला, एवढंच मला पुरे होतं. माझा एक बिनवायरचा इयरफोन त्याच्या कानात, दुसरा माझ्या. माझ्या मोबाइलवर गाण्याचं नाव वाचायचा, आणि जुनं असलं की समोरच्या दांडीवर तो अवघड, सात मात्रांचा ठेका बिनचूक वाजवायचा. नवीन लावलं की तोंड वाकडं.

"यात जीवच नाही, भाऊ."

मी चिडायचो. नव्या बँडमधल्या पोरांची बाजू घेऊन सिलतऱ्यापर्यंत भांडायचो.

परवा जुन्याच गाण्यावर त्याची बोटं रंगात आली होती. मी सहज मोबाइल पाहिला, तर त्याच्या बाजूच्या इयरफोनची बॅटरी केव्हाच संपलेली. मी त्याला तसं सांगितलं.

"हव," तो म्हणाला. "मिलच्या आवाजानं माये कान खाल्ले, काहीच ऐकू येत नाही. जुनं सारं पाठ हाय, ते डोक्यात वाजते. नवीन कुठून वाजन? म्हणून शिव्या देऊन राहिलो."

मग त्यानं माझा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला. "लावा एखादं नवीन. ठेका धरा."

मी धरला. पण त्या गाण्याचा ठेका सारखा बदलत होता. माझी बोटं चुकली, अडखळली, थांबली.

"संपलं?" त्यानं विचारलं.

माझ्या कानात गाणं चालूच होतं.

"संपलं," मी म्हणालो.