दुसरी चावी

“चावी द्या की मॅडम. मी उघडतो, तुमी चहा घ्या.”

हेड कॅशियर गायकवाडमामांनी हात पुढं केला. मी चावी मुठीत धरली आणि त्यांच्याबरोबर स्ट्राँगरूमकडं निघाले.

मोडनिंबच्या शाखेत अधिकारी म्हणून माझा पहिलाच आठवडा. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक कॅशियरकडं, दुसरी अधिकाऱ्याकडं. एकट्याला उघडता येऊ नये, म्हणून. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. आमच्याकडं मात्र मी येईपर्यंत दोन्ही चाव्या वर्षानुवर्षं मामांच्याच खिशात!

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “मामांना वाईट वाटलंय. इथं सगळी घरचीच माणसं आहेत.”

“घरातल्या कपाटालाही कुलूप असतंच की, सर.”

“तुमचा प्रोबेशनचा रिपोर्ट मीच लिहिणार आहे.”

“लिहा. चावी दिली नाही, हेही लिहा.”

बोलले खरी, पण भीती होतीच. आमच्या घरातली पहिली पगाराची नोकरी माझी. गेली असती तर? तरी चावी दिली नाही. मी रजेवर जाताना ती सही घेऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडं सोपवायचे, मामांकडं नाही. मामा डबा खाताना माझ्याकडं पाठ करून बसायचे.

मग ऑडिट आलं. कर्जापोटी ठेवलेल्या सोन्याचं एक पाकीट सापडेना. मामांना दरदरून घाम फुटला. साहेब मामांकडं बोट करून ऑडिटरना म्हणाले, “तिजोरी यांच्याच हातात असते. काय ते यांनाच विचारा.”

कालपर्यंत घरचा असलेला माणूस एका वाक्यात परका! माझं डोकंच फिरलं.

“साफ खोटं आहे,” मी म्हणाले. “मागच्या मोजणीत पाकीट होतं, मी स्वतः पाहिलंय. तेव्हापासून मामांनी एकट्यानं तिजोरी उघडलेली नाही. उघडताच येत नाही. संशय घ्यायचा तर आमच्या दोघांवर घ्या.”

ऑडिटर म्हणाले, “मग सगळे ट्रे बाहेर काढा.”

आम्ही दोघांनी काढले. पाकीट भलत्याच ट्रेच्या तळाशी चिकटून बसलेलं. मामा तिथंच स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच टेबलावर डबा उघडला. शेंगाचटणी पुढं सरकवली. “लई राग धरला हुता तुमचा,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यात साहेबांनी केबिनमधून हाक मारली. “मॅडम, जरा इकडं या. मामा, त्यांची चावी तुम्हीच घ्या तोवर.”

मामा जागचे हलले नाहीत. “न्हाय साहेब. दुसरी चावी मी हातात घ्येनार न्हाय.”

माझ्या रिपोर्टात साहेबांनी ‘स्वभाव हट्टी’ असं लिहिलं. बरोबरच लिहिलं. बँक विश्वासावर चालते म्हणतात. चालत असेल. टिकते मात्र असल्या हट्टावर.